नवे औषध आणि दोन तराजू



औषध ही बाजारातील एक विलक्षण वस्तू आहे. धान्य, कापड, भांडी या वस्तू जो विकत घेतो तोच त्यांची पारख करतो. तांदूळ तळहातावर घेऊन पाहावा, कापड चुरगळून पाहावे, मडके बोटाने वाजवून घ्यावे, ही आपली जुनी रीत. औषधाला ती लागू पडत नाही. औषध निवडतात डॉक्टर, त्याचे पैसे मोजतो रोगी, आणि ते गुणकारी की घातक याची परीक्षा ज्याने केलेली असते तो बहुधा ते विकणारा कारखानदारच असतो. निवडणारा, पैसे देणारा आणि पारखणारा अशी तीन वेगळी माणसे झाली म्हणजे मोजमापाचे तराजूही वेगळे होतात. एका तराजूत औषधाचे गुण आणि धोके मोजले जातात; दुसऱ्यात त्याचा खप आणि नफा. हे दोन्ही तराजू एकाच हातात असले म्हणजे काय घडते, आणि ज्याच्या पोटात औषध जायचे त्याने अशा वेळी कोणते प्रश्न विचारावेत, एवढाच आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही आणि रसायनशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. कामगार संघटनेच्या कामात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना मात्र दोन गोष्टी जवळून दिसतात. पहिली ही की ओझी वाहणारा, मागावर उभा राहणारा, भट्टीपुढे वाकणारा माणूस पंचेचाळिशी ओलांडतो न ओलांडतो तोच त्याचे गुडघे, कंबर आणि खांदे बोलू लागतात, आणि वेदनाशामक गोळी ही त्याच्या डब्यातील भाकरीइतकीच नित्याची होऊन बसते. दुसरी गोष्ट ताळेबंदाची. बोनसच्या वाटाघाटीसाठी कंपन्यांचे ताळेबंद वाचावे लागतात, आणि ते वाचता वाचता हे ध्यानात येते की मालक पुढे ठेवतो तो आकडा सहसा खोटा नसतो, तो निवडलेला असतो. कोणते वर्ष धरले, कशाशी तुलना केली, कोणता खर्च कोणत्या खात्यावर टाकला, यावर नफ्याचा तोटा आणि तोट्याचा नफा होतो. औषधांच्या चाचण्यांचे अहवाल याच नजरेने वाचले तर सामान्य माणसालाही त्यांतले बरेच काही कळू शकते. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे. ते सांधेदुखीच्या दोन गोळ्यांचे आहे, आणि ते मुख्यतः अमेरिकेत घडले.

जुन्या गोळीचे दुखणे

ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आली. तिच्यामागून विसाव्या शतकात आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक ही औषधे आली. या सर्वांनी ठणका आणि सूज कमी होते. पण सर्वांचा एक समान दोष आहे. रोज घेतल्यास ती जठराच्या अस्तराला इजा करतात. कोणाला जळजळ होते, कोणाला व्रण पडतो, आणि काहींना पोटात एकाएकी रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो.

असे का व्हावे याचा उलगडा १९७१ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी केला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखापतीच्या जागी वेदना आणि सूज उत्पन्न करण्यात त्यांचा हात असतो. पण तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षणही करतात. ही द्रव्ये तयार करणाऱ्या एन्झाइमचे काम ॲस्पिरिन बंद पाडते. गळका नळ थांबवण्यासाठी घराची मुख्य तोटीच बंद करावी म्हणजे गळतीही थांबते आणि पिण्याचे पाणीही बंद होते, तसाच हा प्रकार. या शोधाबद्दल व्हेन यांना १९८२ साली आणखी दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

१९९० नंतरच्या काही वर्षांत असे दिसून आले की तोटी एक नसून दोन आहेत. या एन्झाइमचे दोन प्रकार आहेत : कॉक्स-एक आणि कॉक्स-दोन. पहिला प्रामुख्याने जठराचे रक्षण करतो, दुसरा प्रामुख्याने सूज आणि वेदना यांच्या वेळी जोर धरतो. मग केवळ दुसरी तोटी बंद करणारे औषध सापडले तर दुखणे जाईल आणि पोटही शाबूत राहील, हा विचार कोणालाही सुचेल असाच होता. विचार सुंदर होता, आणि ज्या लाखो माणसांना रोजची गोळी टळत नाही त्यांच्या दृष्टीने आशेचाही होता. हे आरंभीच सांगितले पाहिजे, कारण पुढे जे घडले त्यावरून नवीन संशोधन म्हणजे लबाडीच असा समज कोणी करून घेऊ नये.

दोन गोळ्यांची शर्यत

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३१ डिसेंबर १९९८ रोजी सेलेकॉक्सिब या औषधाला परवानगी दिली. सर्ल कंपनीचे हे औषध फायझरच्या साहाय्याने सेलेब्रेक्स या नावाने विकले जाऊ लागले. मागोमाग मे १९९९ मध्ये मर्क कंपनीच्या रोफेकॉक्सिबला परवानगी मिळाली. त्याचे बाजारातील नाव व्हायॉक्स. दोन्ही औषधांचा दावा एकच, ग्राहक तेच, आणि दोघांमध्ये अंतर अवघ्या पाच महिन्यांचे.

येथे बाजाराचा तराजू नीट पाहावा. वेदना दूर करण्यात ही औषधे जुन्या गोळ्यांहून सरस नव्हती; साधारण त्यांच्या बरोबरीची होती. म्हणजे जुनी स्वस्त गोळी सोडून महाग गोळी घ्यायला एकच कारण उरत होते : पोट वाचते. तेव्हा पोट वाचते हे मोठ्या चाचणीने सिद्ध करून दाखवणे ही दोन्ही कंपन्यांची गरज झाली. दोघींनी प्रत्येकी सुमारे ८,००० रोग्यांवर चाचण्या केल्या, आणि दोन्ही चाचण्यांचे निकाल २००० साली प्रसिद्ध झाले.

रोफेकॉक्सिबच्या चाचणीचे नाव व्हिगर. तीत संधिवाताच्या रोग्यांपैकी अर्ध्यांना रोज रोफेकॉक्सिब आणि अर्ध्यांना जुने नॅप्रॉक्सेन दिले गेले. पोटाच्या बाबतीत निकाल स्पष्ट होता. शंभर रोग्यांनी वर्षभर औषध घेतले असे धरले तर पोटाचे विकार नॅप्रॉक्सेनच्या बाजूस ४.५ आणि रोफेकॉक्सिबच्या बाजूस २.१, म्हणजे निम्म्याहून कमी. कंपनीला हवे होते ते मिळाले.

पण त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर आणखी एक बेरीज होती. हृदयविकाराचे झटके नॅप्रॉक्सेनच्या बाजूस ४ होते. रोफेकॉक्सिबच्या बाजूस २०. छापील लेखात या वीसपैकी १७ धरलेले होते. उरलेले तीन झटके हिशेब बंद करण्याच्या तारखेनंतरचे म्हणून सोडले गेले. मौज अशी की हृदयाचा हिशेब पोटाच्या हिशेबाच्या सुमारे महिनाभर आधी बंद करण्यात आला होता. पुढे डिसेंबर २००५ मध्ये ज्या नियतकालिकाने तो लेख छापला होता त्याच्याच संपादकांनी जाहीर केले की, लेखाची पहिली दुरुस्ती पाठवण्यापूर्वी निदान दोन आठवडे तरी लेखकांपैकी दोघांना या तीन झटक्यांची माहिती होती.

आणि सगळ्या प्रकारचे गंभीर अपाय एका ठिकाणी मिळवले तर? औषध प्रशासनाकडे दिलेल्या पूर्ण माहितीत नॅप्रॉक्सेन घेणाऱ्यांपैकी ७.८ टक्क्यांना आणि रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांपैकी ९.३ टक्क्यांना काही ना काही गंभीर अपाय झाला होता. पोटापुरते पाहिले तर नवे औषध जिंकले. माणूस सबंध धरला तर हरले. पण कोणी सबंध माणूस मोजायला निघाले नव्हते. प्रश्न पोटाचा विचारला होता, उत्तर पोटाचे मिळाले.

सेलेकॉक्सिबच्या चाचणीची कथा वेगळी, पण गोत्र तेच. ती चाचणी वर्षभराहून अधिक काळ चालली. छापील लेखात मात्र पहिल्या सहा महिन्यांचे आकडे आले, आणि त्या सहा महिन्यांत नवे औषध पोटाला सौम्य ठरले. पूर्ण काळाचा हिशेब औषध प्रशासनापुढे आला तेव्हा पोटाच्या गंभीर विकारांतील तो फायदा विरून गेलेला दिसला. पाच वर्षांच्या ताळेबंदातील पहिली तीनच वर्षे दाखवून कारखाना भरभराटीत आहे असे सांगण्याची रीत आम्हांला नवीन नाही.

हृदयाचा संबंध कोठून आला?

पोटाच्या औषधाने हृदयाला धक्का का बसावा, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. उत्तर रक्त गोठण्याच्या क्रियेत आहे. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात. त्यांना चिकटवणारे द्रव्य पहिल्या तोटीतून येते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तरात मात्र उलट काम करणारे एक द्रव्य तयार होते. त्याचे नाव प्रोस्टासायक्लिन. ते वाहिनी सैल ठेवते आणि कणिकांना चिकटू देत नाही. हे दुसरे द्रव्य मोठ्या प्रमाणात दुसऱ्या तोटीतून येते.

जुन्या औषधांनी दोन्ही तोट्या कमी-अधिक बंद होत. नव्या औषधाने फक्त दुसरी बंद झाली. म्हणजे गाडीचा वेग वाढवणारे पेडल जागेवर राहिले आणि ब्रेक मात्र ढिला झाला. ही शक्यता अमेरिकेतील गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी १९९९ च्या आरंभी, रोफेकॉक्सिबला परवानगी मिळण्यापूर्वीच, प्रसिद्ध निबंधात मांडली होती. शंका आधी होती. तिचे निरसन करण्यासाठी मुद्दाम मोठी चाचणी मात्र कोणी केली नाही.

मर्कने चार आणि वीस या फरकाचा अर्थ निराळा लावला. आपले औषध हृदयाला घातक नाही. नॅप्रॉक्सेनच ॲस्पिरिनप्रमाणे हृदयाचे रक्षण करते, म्हणून त्या बाजूचे झटके कमी दिसतात, असे कंपनीचे म्हणणे. तर्काच्या दृष्टीने हे अशक्य नव्हते. दोन मुलांच्या उंचीत फरक दिसला तर एक उंच आहे की दुसरा ठेंगणा आहे, हे तिसरे माप लावल्याशिवाय ठरत नाही. पण जोवर तिसरे माप लावलेले नाही तोवर संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, गोळीला की गोळी घेणाऱ्याला, हा खरा प्रश्न होता. न्यायालयात तो आरोपीला देतात, कारण तेथे आरोपी माणूस असतो. येथे आरोपी एक रसायन होते.

बाजाराची घाई

त्या काळात बाजार थांबला नव्हता. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या औषधांचीही जाहिरात थेट जनतेपुढे करता येते; आपल्याकडे तशी मुभा नाही. २००० या एका वर्षात व्हायॉक्सच्या अशा जाहिरातींवर सुमारे १६ कोटी डॉलर खर्च झाले. पेप्सी या पेयाच्या जाहिरातीवर त्या वर्षी तेथे याहून कमी खर्च झाला होता. सप्टेंबर २००१ मध्ये औषध प्रशासनाने मर्कला पत्र लिहून हृदयाचा धोका प्रचारात कमी करून दाखवल्याबद्दल ताकीद दिली. एप्रिल २००२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात हृदयाविषयीचा मजकूर घालण्यात आला, आणि त्याच वेळी पोटाच्या फायद्याचाही.

अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीपुढे २००५ साली कंपनीची अंतर्गत कागदपत्रे आली. फेब्रुवारी २००१ मधील एका सूचनेत विक्री प्रतिनिधींना बजावलेले होते की व्हिगर चाचणीच्या निकालाचा विषय डॉक्टरांपुढे स्वतःहून काढू नये. येथे दोन शब्द विक्री प्रतिनिधीविषयी बोलले पाहिजेत. हातात पेटी घेऊन दवाखान्याच्या बाकावर तिष्ठत बसणारा हा तरुण औषधाचा मालक नव्हे. तोही पगारी नोकर आहे, आणि महिन्याचा कोटा पुरा न झाल्यास त्याच्या चुलीवर परिणाम होतो. ज्याची भाकरी खपावर अवलंबून ठेवली आहे त्यानेच धोक्याची बातमी डॉक्टरांना द्यावी, ही व्यवस्थाच उफराटी आहे. त्याला दोष देऊन ती सुधारणार नाही.

२००३ साली व्हायॉक्सचा खप अडीच अब्ज डॉलरचा झाला. बाजाराच्या तराजूत औषध उत्तम ठरले होते.

तिसरे माप शेवटी लागले ते आडवाटेने. मोठ्या आतड्यातील गाठी पुन्हा होऊ नयेत म्हणून रोफेकॉक्सिबचा उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी कंपनीनेच २,५८६ लोकांवर चाचणी चालवली होती. नवीन उपयोग म्हणजे नवीन बाजार. या चाचणीत तुलना दुसऱ्या औषधाशी नव्हती, औषध नसलेल्या निरुपद्रवी गोळीशी होती. त्यामुळे नॅप्रॉक्सेनची ढाल उरली नाही. हृदयाचे झटके, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठीचे इतर विकार औषध घेणाऱ्यांत ४६ जणांना झाले, न घेणाऱ्यांत २६ जणांना. ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्कने व्हायॉक्स जगभरातून मागे घेतले. त्या एका दिवसात कंपनीच्या शेअरचा भाव सुमारे २७ टक्क्यांनी घसरला.

औषध प्रशासनातीलच एक अधिकारी डेव्हिड ग्रॅहम यांनी सहकाऱ्यांसह केलेला अंदाज २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकट्या अमेरिकेत या औषधामुळे हृदयविकाराची ८८,००० ते १,४०,००० अधिक गंभीर प्रकरणे घडली असावीत. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, हे ध्यानात ठेवावे. २००७ साली मर्कने हजारो दाव्यांची तडजोड ४८५ कोटी डॉलरला केली. २००३ सालच्या खपाशी ही रक्कम ताडून पाहावी : दोन वर्षांच्या खपापेक्षाही ती कमी भरते.

इतकी माणसे, आणि कळले कसे नाही?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. १९६१ साली थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत मागे घेतले गेले, कारण गरोदर स्त्रियांनी ते घेतल्याने हातपाय खुरटलेली मुले जन्मली. असा विकार एरवी इतका दुर्मिळ की दहावीस मुले दिसताच डॉक्टर चमकले. हृदयविकाराचे तसे नाही. साठीच्या माणसाला झटका आला तर घरचे म्हणतात वय झाले, डॉक्टर म्हणतात तंबाखू, शेजारी म्हणतात चिंता. सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या गुडघ्याच्या गोळीकडे कोणाचेच बोट जात नाही. जो अपाय नेहमीच्या आजाराचा वेष घेऊन येतो तो एकट्या डॉक्टरला कधीच ओळखू येत नाही. तो केवळ मोजणीत सापडतो.

मोजणीचेही एक गणित आहे. हजारात एका माणसाला होणारा अपाय चाचणीत एकदा तरी दिसावा अशी शंभरात पंचाण्णव खात्री हवी असेल तर निदान ३,००० माणसांना औषध द्यावे लागते. आणि हा हिशेब दुर्मिळ, उठून दिसणाऱ्या अपायाचा झाला. नित्याच्या आजारात पडलेली थोडीशी भर ओळखायची तर माणसे त्याच्या कित्येक पट लागतात. ‘चाचणीत अपाय आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ म्हणून किती माणसे आणि किती महिने यावर अवलंबून असतो. शंभर माणसांत न आढळलेली गोष्ट दहा लाख माणसांत शेकडो घरे रिकामी करू शकते.

पाच भावंडे, पाच दशा

या कुळात पुढे आणखी औषधे आली. व्हाल्डेकॉक्सिबला अमेरिकेत २००१ साली परवानगी मिळाली. हृदयाचा धोका आणि त्वचेचे भयंकर विकार यांमुळे एप्रिल २००५ मध्ये ते मागे घ्यावे लागले. लुमिराकॉक्सिब यकृताला घातक ठरले आणि २००७ साली ऑस्ट्रेलियाने त्याची परवानगी काढून घेतली. एटोरिकॉक्सिबची चाचणी तर ३४,००० हून अधिक रोग्यांवर झाली, आणि हृदयाचा धोका डायक्लोफेनॅकइतकाच आहे असा निर्वाळा मिळाला. ऐकायला दिलासा वाटतो. पण डायक्लोफेनॅकवरच हृदयाच्या धोक्याचा संशय होता. एक लंगडा दुसऱ्या लंगड्याइतकाच चालतो, यावरून दोघांचे पाय धड आहेत असे ठरत नाही. अमेरिकेच्या प्रशासनाने २००७ साली एटोरिकॉक्सिबला परवानगी नाकारली. युरोपात आणि आपल्या देशात मात्र ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकले जाते.

सेलेकॉक्सिब टिकले. मोठ्या मात्रेत त्यानेही हृदयाचा धोका वाढतो हे २००४ च्या अखेरीस दिसून आले. पुढे साधारण मात्रेत ते नॅप्रॉक्सेन आणि आयबुप्रोफेन यांच्याशी तोलून पाहण्यासाठी २४,००० हून अधिक रोग्यांची चाचणी झाली. तिचा निकाल २०१६ साली आला : हृदयाच्या बाबतीत ते त्या दोघांहून वाईट ठरले नाही, आणि पोटाला सौम्य ठरले. या चाचणीतही एक उणीव होती. दोनतृतीयांशांहून अधिक रोग्यांनी नेमून दिलेले औषध मध्येच सोडले. तरीही निष्कर्ष निरर्थक होत नाही. औषधाला परवानगी १९९८ साली, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर २०१६ साली, हे अंतर मात्र लक्षात राहावे असे आहे.

जुन्या औषधांचेही पितळ या तपासणीत उघडे पडले. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून २०१३ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की हजार माणसांनी नव्या कुळातील औषध किंवा डायक्लोफेनॅक मोठ्या मात्रेत वर्षभर घेतले तर सुमारे तिघांना अधिक झटका किंवा तत्सम विकार होतो, आणि त्यांतला एक दगावतो. नॅप्रॉक्सेनने हृदयाचा धोका वाढलेला दिसला नाही. पण पोटाचा धोका त्यालाही सुटला नाही. सर्वगुणसंपन्न असे कोणतेच निघाले नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे २००५ पर्यंत औषध या वस्तूवर पेटंट मिळत नसे, केवळ ते बनवण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळे आपल्या कारखानदारांनी ही नवी औषधे लवकरच आणि स्वस्तात बाजारात आणली. त्या कायद्याने गरिबाच्या आवाक्यात औषधे आली, हे उपकार मोठे आहेत. परंतु गोळी स्वस्त झाली म्हणून तिचा धोका स्वस्त होत नाही. व्हायॉक्स मागे घेतल्यावर डिसेंबर २००४ मध्ये भारत सरकारने रोफेकॉक्सिबवर आणि २००५ मध्ये व्हाल्डेकॉक्सिबवर बंदी घातली. दोन्ही वेळा धोक्याची घंटा परदेशात वाजली आणि आपण ती ऐकली. आपली घंटा आपल्याजवळ असावी या दिशेने त्यानंतर काही पावले पडली आहेत. चाचणी सुरू करण्याआधी तिची जाहीर नोंद करणे २००९ पासून सक्तीचे झाले, म्हणजे नको असलेली चाचणी गुपचूप पुरून टाकणे अवघड झाले. औषधांच्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, आणि त्याच्या १८०० १८० ३०२४ या विनामूल्य दूरध्वनीवर डॉक्टरप्रमाणे रोगीही आपली तक्रार नोंदवू शकतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधविक्रीची जी आचारसंहिता जाहीर केली तीत ‘सुरक्षित’ हा शब्द बिनशर्त वापरू नये, आणि देशात वर्षाहून अधिक काळ मिळत असलेल्या औषधाला ‘नवे’ म्हणू नये, असे म्हटले आहे. दोन साध्या विशेषणांना वेसण घालावी लागली, यावरूनच त्यांचे बाजारातील मोल कळावे.

विचारण्याचे पाच प्रश्न

सारांश काय? नवे औषध पुढे आले म्हणजे पाच प्रश्न विचारावेत. कशाशी तुलना केली : काहीच न घेण्याशी, की आधीच बदनाम असलेल्या औषधाशी? किती माणसांवर आणि किती काळ : मला ही गोळी पाच वर्षे घ्यायची आहे आणि चाचणी सहा महिन्यांची आहे काय? काय मोजले : एक अवयव की सबंध माणूस? ‘निम्मे’, ‘दुप्पट’ असे शब्द ऐकले तर हजारात किती? कारण हजारात दोनाचा एक होणे आणि हजारात दोनशेचे शंभर होणे, दोन्हीला ‘निम्मे’च म्हणतात. आणि शेवटचा, मोजले कोणी आणि त्याचे पैसे कोणी दिले?

हे प्रश्न डॉक्टरांचा अपमान करण्यासाठी नाहीत. चांगल्या डॉक्टरला ते आवडतात. चालू असलेली गोळी ऐकीव माहितीवर परस्पर बंद करणे हेही तितकेच घातक. ज्याला पूर्वी पोटात व्रण झाला आहे आणि ज्याचे हृदय धड आहे त्याच्यासाठी एक औषध योग्य. ज्याला हृदयविकार आहे त्याच्यासाठी दुसरे. आणि कित्येकांसाठी काही दिवस गोळी, पुढे शेक, व्यायाम आणि ओझ्याचे नियमन एवढेच योग्य. अमुक औषध चांगले की वाईट या प्रश्नाला उत्तर नसते. कोणासाठी, किती मात्रेत आणि किती दिवस, हे जोडले म्हणजे उत्तर येते.

यांतला एक भाग मात्र एकट्या रोग्याच्या किंवा एकट्या डॉक्टरच्या शक्तीबाहेरचा आहे. चाचणीचा प्रश्न कोणी ठरवायचा आणि हिशेबाची वही कोणापुढे उघडायची, हे समाजाने ठरवायचे असते. कारखान्याचा ताळेबंद कामगारांना पाहायला मिळावा म्हणून आमच्या आधीच्या पिढीला झगडावे लागले. औषधाच्या चाचणीत जे हजारो लोक स्वतःचे शरीर देतात त्यांचा त्या आकड्यांवर हक्क याहून कमी कसा मानावा? तो ताळेबंद त्यांच्याच रक्ताने लिहिलेला असतो. तो पूर्ण, वेळेवर आणि सर्वांपुढे मांडला गेला पाहिजे, एवढी मागणी आपण एकत्र येऊन केली तरी पुष्कळ होईल.